चक बेरीचा 'द ग्रेट ट्वेंटी-एट' कसा ऐकायचा: नवख्यांसाठी, आणि एकदा ऐकून सोडून दिलेल्यांसाठी पण

मागच्या महिन्यात भाचा राहायला आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गिटार घेऊन सहा महिने झालेत, जेवताना म्हणाला, मामा तू सारखा सांगतोस तो चक बेरीचा अठ्ठावीस गाण्यांचा अल्बम लावला मी, अर्धा ऐकला, सगळी गाणी सारखीच वाटतात रे. मला आधी राग आला आणि मग हसू आलं, कारण वीसेक वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच म्हणालो होतो आणि कॅसेट कपाटात टाकून दिली होती. परत ऐकायला घेतला तो बऱ्याच वर्षांनी, आणि तेव्हा कळलं की मी चुकीची कॅसेट, चुकीच्या क्रमाने, चुकीच्या गोष्टीकडे कान देऊन ऐकत होतो. तर भाच्याला जे सांगितलं तेच इथे पायऱ्या पायऱ्यांनी लिहितोय.

आधी थोडक्यात ओळख. चक बेरी म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुइसचा कृष्णवर्णीय गायक, गिटारवाला, आणि मुख्य म्हणजे स्वतःची गाणी स्वतः लिहिणारा. जन्म १८ ऑक्टोबर १९२६, गेला १८ मार्च २०१७ ला, नव्वदीत. 'द ग्रेट ट्वेंटी-एट' हा अल्बम १९८२ साली चेस या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाने आला, दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला सात गाणी. गाणी १९५५ ते १९६५ या दहा वर्षांतली, आणि साधारण ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लावलेली. संकलन म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण त्या काळात रॉक अँड रोलवाले अल्बम म्हणून काही बनवतच नव्हते हो, एक गाणं या बाजूला, एक त्या बाजूला, अशी छोटी तबकडी निघायची, ज्यूकबॉक्समध्ये (नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र) जायची, रेडिओवर वाजायची आणि संपलं. त्यामुळे या मंडळींचं खरं काम बघायचं तर संकलनच बघावं लागतं. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ साली सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली तेव्हा हा २१ वा होता. संकलन असून.

पायरी १: आधी खरी रेकॉर्डिंग्ज मिळवा

ही पायरी कंटाळवाणी आहे पण वगळू नका, माझी सगळी गडबड इथेच झाली होती.

बेरीने १९६६ मध्ये चेस सोडून मर्क्युरी या कंपनीशी करार केला, आणि तिथे गेल्यावर आपलीच जुनी गाजलेली गाणी परत रेकॉर्ड केली, ती १९६७ साली 'गोल्डन हिट्स' नावाने आली. तोच माणूस, तोच आवाज, तीच गाणी, पण जीव नाही. आवाज स्वच्छ, गिटार गुळगुळीत, आणि सगळे कसे घरी जायची घाई असल्यासारखे वाजवतायत. आता गंमत अशी की ही दुसऱ्या खेपेची रेकॉर्डिंग्ज जगभर स्वस्तातल्या कॅसेट-सीड्यांमध्ये फिरली आणि आज ॲपवर शोधलं तरी ती खऱ्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलेली असतात. मी कॉलेजात असताना दादरला फुटपाथवरून घेतलेली कॅसेट नेमकी तसली होती, कव्हरवर कुठे काही लिहिलेलं नाही, आणि मी बरीच वर्षं समजत होतो की चक बेरी म्हणजे असाच बरा-बरा प्रकार असतो.

ओळखायचं कसं? पहिलं म्हणजे अल्बमचं नाव आणि गाण्यांचा आकडा बघा, अठ्ठावीस पाहिजेत, सुरुवात 'मेबलीन'ने आणि शेवट 'आय वॉन्ट टू बी युअर ड्रायव्हर'ने. दुसरं म्हणजे हेडफोन लावून एक कान काढा, मग दुसरा काढा. पन्नाशीच्या दशकातली ती रेकॉर्डिंग्ज मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत तेच, गिटार एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात असं ऐकू आलं तर समजा की तुम्ही नंतरच्या मालात शिरलात. आणि तिसरी खूण, 'मेबलीन'ची गिटार थोडी फाटलेली, चरचरीत ऐकू आली पाहिजे, ॲम्प्लिफायर बिचारा धापा टाकतोय असं वाटलं पाहिजे. तो दोष नाहीये, त्यातच मजा आहे.

महागडे स्पीकर वगैरे काही लागत नाहीत. ही गाणी ज्यूकबॉक्स आणि गाडीतल्या रेडिओसाठी बनलीयत, स्वयंपाकघरातल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर पण मस्त वाजतात.

पायरी २: एका दमात अठ्ठावीस गाणी ऐकू नका

सगळी मिळून सव्वा तासाच्या आतच आहेत, एकेक गाणं अडीच मिनिटांच्या आसपास, त्यामुळे मोह होतो की चला लावून टाकू, भांडी घासता घासता होऊन जाईल. नाही होत. दहाव्या गाण्यापर्यंत कान बधिर होतो आणि मग भाच्यासारखं सगळं सारखं वाटायला लागतं. दिवाळीचा फराळ एकाच बैठकीत खाल्ला तर चकली आणि शेव यात फरक कळेनासा होतो ना, तसं. तबकडीची एक बाजू म्हणजे सात गाणी, एका दिवशी एवढीच. मग उठायचं.

पायरी ३: सुरुवात सतराव्या गाण्यापासून

क्रमाने ऐका असं सगळे सांगतील, मी उलटं सांगतो. पहिलं गाणं 'मेम्फिस, टेनेसी' लावा, तिसऱ्या बाजूचं तिसरं.

कारण यात तुम्हाला चक बेरी म्हणून जे माहीत आहे त्यातलं काहीच नाहीये. सुरुवातीची ती प्रसिद्ध गिटारची किंकाळी नाही, नाच नाही, गाड्या नाहीत. एक माणूस फोनवर टेलिफोन ऑपरेटर बाईंशी बोलतोय, मला मेम्फिसला फोन जोडून द्या, मारी नावाच्या कुणीतरी फोन केला होता, नंबर ठेवला नाही, माझ्या काकांनी निरोप भिंतीवर लिहून ठेवलाय. पत्ता पण धड माहीत नाही, शहराच्या दक्षिणेला, उंचावर, मिसिसिपीच्या पुलापासून अर्ध्या मैलावर असं काहीतरी सांगतो. ऑपरेटर बाई काय म्हणतात ते आपल्याला ऐकूच येत नाही, फक्त याची बाजू. आपल्याकडे ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून तासभर फोनशेजारी बसून काढलाय त्यांना हे गाणं वेगळं समजावून सांगायला नको, आमच्या आईला मी नुसता अर्थ सांगितला तर ती म्हणाली, अगं बाई, मिळाला का मग नंबर त्याला?

शेवटच्या कडव्यात काय होतं ते मी सांगणार नाही. इंटरनेटवर पण शोधू नका, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. फक्त एवढंच की शेवटची ओळ ऐकल्यावर तुम्ही गाणं परत पहिल्यापासून लावाल आणि दुसऱ्या वेळी प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येईल. त्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, म्हणाल तर दोनच आहेत, सगळं काम शब्दांनी केलंय.

आणि मला या अख्ख्या लेखात सांगायचं तेच आहे. चक बेरी म्हटलं की जो तो गिटारबद्दल बोलतो, पण हा अल्बम म्हणजे अडीच-अडीच मिनिटांच्या अठ्ठावीस गोष्टी आहेत. गोष्टी म्हणून ऐकल्या की एकही दुसऱ्यासारखी वाटत नाही.

पायरी ४: आता शब्द वाचत वाचत ऐका

घाबरू नका, इंग्रजी गाणी कळत नाहीत अशी ज्यांची तक्रार असते त्यांना इथे सुखद धक्का बसेल, बेरीचा प्रत्येक शब्द स्वच्छ येतो. ते मुद्दाम आहे. त्याला नॅट किंग कोलची स्पष्ट गायकी आवडायची, आणि गोऱ्या श्रोत्यांना पण प्रत्येक अक्षर कळलं पाहिजे हा हिशोबही होता. तरी पहिल्या वेळी शब्द समोर ठेवा.

'मेबलीन' घ्या. गोष्ट साधी, याच्याकडे फोर्ड, मेबलीन दुसऱ्याच कुणाच्या तरी कॅडिलॅकमध्ये, हा पाठलाग करतोय. फोर्डचं इंजिन तापतं, गाडी मागे पडते, आणि मग पाऊस येतो आणि त्या पावसाच्या पाण्याने इंजिन थंड होतं, मग चढावर हा तिला गाठतो. प्रेमात धोका झालाय आणि गाणाऱ्याला चिंता इंजिनाच्या तापमानाची! शिवाय नुसतं गाडी चालवत होतो असं तो म्हणत नाही, त्यासाठी त्याने मोटर आणि मोटिव्हेट यांची खिचडी करून नवीनच क्रियापद पाडलंय. हे गाणं २१ मे १९५५ ला रेकॉर्ड झालं. मडी वॉटर्स या ब्लूज गायकाने सांगितलं म्हणून हा शिकागोला चेस कंपनीच्या लेनर्ड चेसकडे गेला, याला वाटत होतं चेसला ब्लूज आवडेल, पण चेसने पकडलं ते 'आयडा रेड' या जुन्या गोऱ्या खेडवळ गाण्यावरून केलेलं हे प्रकरण. सेंट लुइसच्या पलीकडे नदीपार ईस्ट सेंट लुइसमध्ये कॉस्मोपॉलिटन क्लबात हा वाजवायचा तिथले कृष्णवर्णीय श्रोते आधी हसायचे म्हणे, की हे काय गोऱ्या गावंढळांचं गाणं गातोय, मग तेच फर्माईश करायला लागले. गाणं अमेरिकेत पाचव्या नंबरपर्यंत गेलं. आणि रेकॉर्ड हातात आली तेव्हा बेरीला दिसलं की लेखक म्हणून अजून दोन नावं आहेत, एक ॲलन फ्रीड हा रेडिओवाला आणि दुसरा रस फ्रॅटो, ज्याचा गाणं लिहिण्याशी काही संबंध नव्हता. ती नावं पूर्ण निघायला १९८६ साल उजाडलं, एकतीस वर्षं, म्हणजे आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्याइतकी.

मग 'टू मच मंकी बिझनेस', ही नुसती कटकटींची यादी आहे, बिलं, गळ्यात पडणारा सेल्समन, पैसे गिळून गप्प बसणारा पब्लिक फोन, लष्करातली नोकरी, पेट्रोल पंपावरची नोकरी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी वैतागलेला एक सुस्कारा. शब्द इतक्या दाटीवाटीने कोंबलेत की श्वास कुठे घेतो कळत नाही. बॉब डिलनने पुढे 'सबटरेनियन होमसिक ब्लूज' इथूनच उचललं आणि ते मान्यही केलं.

'ब्राऊन आईड हँडसम मॅन' वरवर विनोदी आहे, पण ते डोळ्यांचा रंग बाजूला ठेवून ऐका. १९५६ सालच्या अमेरिकेत कातडीचा रंग म्हणता येत नव्हता म्हणून डोळ्यांचा रंग म्हटलाय. पहिल्याच कडव्यात माणूस कोर्टात उभा आहे, गुन्हा काय तर बेकार असण्याचा. आणि पुढे व्हीनसच्या पुतळ्याचे हात कसे गेले याची याने दिलेली कारणमीमांसा तुम्हीच ऐका.

'लेट इट रॉक' दोन मिनिटांचं पण नाही. रेल्वेचे मजूर अलाबामात रुळांवर काम करतायत, फोरमनची नजर चुकवून रुळांवरच आडोसा करून फासे खेळत बसतात, आणि वेळापत्रकात नसलेली गाडी येते. संपलं. धृपद नाही, पोरगी नाही, प्रेम नाही. मला विचाराल तर सगळ्या अल्बमात सगळ्यात घट्ट विणलेलं हेच.

'नादीन' १९६४ चं, गर्दीच्या रस्त्यात एक माणूस एका पोरीच्या मागे धावतोय, बसमधून उतरतो, टॅक्सी पकडतो, ती कॉफीच्या रंगाच्या कॅडिलॅककडे चाललीय, आणि हा गर्दीतून हाका मारत सुटलाय, कसा, तर प्रचाराला निघालेल्या दक्षिणेकडच्या पुढाऱ्यासारखा. ही उपमा ऐकून मी गाडी बाजूला घेतली होती एकदा.

'हवाना मून' मात्र पहिल्या फेरीत सोडून दिलं तरी चालेल, मोडक्या इंग्रजीचं सोंग घेऊन गायलंय, रमची बाटली घेऊन धक्क्यावर वाट बघत बसलेला माणूस ती यायच्या वेळी झोपून जातो. गोष्ट छान आहे, सोंग आज कानाला खटकतं. 'ओ बेबी डॉल' आणि 'ब्युटिफुल डिलायला' पण माझ्यासाठी भरतीची आहेत, रागावू नका.

पायरी ५: ठेका पकडा, बोटं मोजा

ज्यांना आपलं शास्त्रीय संगीत थोडंफार माहीत आहे त्यांना ही पायरी सोपी जाईल. बहुतेक गाणी बारा बारच्या आवर्तनात आहेत. बारा म्हटल्यावर एकताल समजू नका, बारा बार आणि प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. 'जॉनी बी. गुड' लावा आणि मोजा: पहिले चार बार एकाच कॉर्डवर, मग दोन बार वर चढतो, दोन बार घरी, दोन बार अजून वर, दोन बार परत घरी. की पुढचं आवर्तन सुरू. दोन-तीन वेळा मोजलं की सम कुठे येते ते पोटाला कळतं, बोटं लागत नाहीत. टाळी मात्र पहिल्या मात्रेवर देऊ नका, दुसऱ्या आणि चौथीवर द्या, तिथेच ड्रमवाला मारतोय. आपला हात सवयीने एकवर पडतो, माझाही पडायचा.

आता खरी गंमत. ड्रमवाला आणि गिटारवाला काय वाजवतायत ते वेगवेगळं ऐका. ड्रम जुन्या ब्लूज-जॅझच्या झोकात आहे, डुलत डुलत, टांग्याचा घोडा चालतो तसा. आणि बेरीची गिटार सरळ, सारख्या अंतराची, शिवणयंत्राच्या सुईसारखी. दोघांचं जुळत नाही आणि दोघेही मागे हटत नाहीत, त्या भांडणातून जे घर्षण तयार होतं त्याच्यामुळे ही रेकॉर्डिंग्ज आजही हलतात. पुढे सगळे ड्रमवाले सरळ वाजवायला लागले, भांडण मिटलं, आणि मग ते रॉक झालं. 'रोल'वालं काहीतरी गेलंच त्यातून.

तिसरा कान पियानोला द्या. जॉनी जॉन्सन. ३१ डिसेंबर १९५२ च्या रात्री त्याच्या बँडमधला सॅक्सोफोनवाला आजारी पडला म्हणून त्याने बेरीला बदली बोलावलं, म्हणजे बँड मुळात जॉन्सनचा, बेरी नंतर आलेला पाहुणा, आणि थोड्याच दिवसांत पाहुणा घरमालक झाला. बेरीची बरीच गाणी बी फ्लॅट, ई फ्लॅट असल्या पट्ट्यांत आहेत ज्या गिटारवाल्याला गैरसोयीच्या आणि पियानोवाल्याला सोयीच्या, त्यामुळे चालींत जॉन्सनचा वाटा किती यावर आजपर्यंत वाद आहे. रोलिंग स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स हे जाहीरपणे बोलला, जॉन्सनने २००० साली दावाही लावला, पण फार उशीर झाला म्हणून तो २००२ मध्ये फेटाळला गेला. माझं मत, शब्द शंभर टक्के बेरीचे, चालींबाबत मी जॉन्सनच्या बाजूला झुकतो. 'रीलिन अँड रॉकिन' ऐकताना गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त पियानो ऐका आणि तुम्ही ठरवा.

अजून एक छोटा व्यायाम. 'स्कूल डे' लावा, प्रत्येक ओळीनंतर गिटार उत्तर देते, अगदी आपल्या सवाल-जवाबासारखं. लगेच त्यामागे 'नो पर्टिक्युलर प्लेस टू गो' लावा, सात वर्षांनी आलेलं. चाल तीच! जशीच्या तशी. एकात शाळेची घंटा वाजायची वाट बघणारं पोरगं, दुसऱ्यात पोरीला गाडीतून फिरवायला नेलेला हिरो ज्याला तिचा सीट बेल्टच सोडता येत नाही. सारखी वाटतात ही भाच्याची तक्रार इथे शंभर टक्के खरी आहे, आणि तरी दोन्ही गाणी लागतातच.

पायरी ६: 'जॉनी बी. गुड', पण केसरबाईंच्या शेजारी

हे गाणं तुम्ही ऐकलेलंच असणार, सिनेमातून, लग्नातल्या बँडकडून, कुठून तरी. म्हणून ते इतक्या उशिरा ठेवलंय. जानेवारी १९५८ चं रेकॉर्डिंग. सुरुवातीची ती जगप्रसिद्ध गिटार बेरीची स्वतःची नाही, लुई जॉर्डनच्या १९४६ सालच्या एका रेकॉर्डवर कार्ल होगन नावाच्या गिटारवाल्याने जवळजवळ तीच वाजवलीय, ती शोधून ऐका, मजा येईल. आडनावातलं 'गुड' आलं ते बेरी ज्या गुड ॲव्हेन्यूवर जन्मला तिथून. आणि मूळ शब्दांत तो पोरगा कृष्णवर्णीय होता, रेडिओवाले वाजवणार नाहीत म्हणून बेरीनेच तिथे खेड्यातला पोरगा केला. एक शब्द बदलला आणि गाणं सगळ्यांचं झालं, पण ज्याचं होतं तो त्यातून पुसला गेला. हे कळल्यावर मला ते गाणं पूर्वीसारखं नुसतं नाचायचं राहिलं नाही.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली त्यांवर एक सोनेरी तबकडी आहे, पृथ्वीवरच्या संगीताची. त्यात 'जॉनी बी. गुड' आहे आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई आणि सेंट लुइसचा चक बेरी शेजारी शेजारी सूर्यमालेच्या बाहेर पोचलेत. दोन्ही एकापाठोपाठ लावून बघा, पाच-सहा मिनिटांचं काम. केसरबाईंनी पण अख्खी भैरवी साडेतीन मिनिटांत बसवलीय, तबकडीच्या मापात, एक सूर वाया न घालवता. तबकडीच्या त्या मापाने दोघांनाही किती शिस्त लावली ते असं शेजारी ठेवल्याशिवाय कळलं नव्हतं मला.

पायरी ७: उसनवारीची यादी

ही झटपट उरका. 'रोल ओव्हर बीथोव्हन' आणि 'रॉक अँड रोल म्युझिक' बीटल्सनी गायली, 'कम ऑन' हे रोलिंग स्टोन्सचं १९६३ सालचं पहिलंच रेकॉर्ड, 'कॅरोल' आणि 'अराउंड अँड अराउंड' पण त्यांनी घेतलं, 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची चाल उचलून बीच बॉईजनी 'सर्फिन यूएसए' केलं आणि मग श्रेय बेरीला द्यावं लागलं. बीटल्सच्या 'कम टुगेदर'वरून 'यू कान्ट कॅच मी'च्या हक्काचा खटला झाला. आधी मूळ ऐका मग नक्कल, उलटं केलंत तर मूळ गाणं किरकोळ वाटण्याचा धोका आहे, गोऱ्या पोरांनी आवाज मोठा केलाय फक्त. जाता जाता, 'ऑलमोस्ट ग्रोन' आणि 'बॅक इन द यूएसए'च्या मागे कोरसमध्ये गायिका एटा जेम्स आहे आणि मूनग्लोज हा गायकांचा गट आहे, त्यात तेव्हा कुणालाच माहीत नसलेला मार्व्हिन गे.

पायरी ८: माणसाबद्दल माहीत असू द्या

हे नको वाटतं सांगायला, पण नवख्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे. डिसेंबर १९५९ मध्ये बेरीला अटक झाली, चौदा वर्षांच्या एका मुलीला अनैतिक कारणासाठी राज्यांच्या सीमा ओलांडून आणल्याचा आरोप. पहिल्या खटल्यातले न्यायाधीश वंशद्वेषी बोलले म्हणून तो निकाल रद्द झाला, दुसऱ्यांदा खटला चालला, परत दोषी. फेब्रुवारी १९६२ ते ऑक्टोबर १९६३ तुरुंगात. न्यायाधीश वंशद्वेषी होते हे खरं आणि मुलगी चौदा वर्षांची होती हेही खरं, एकाने दुसरं खोडता येत नाही. त्याआधी पोरवयात सशस्त्र दरोड्यासाठी सुधारगृह, नंतर १९७९ मध्ये करचुकवेगिरीसाठी परत तुरुंग, त्याच्या जेमतेम दोन महिने आधी व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरसमोर गाऊन आलेला. अल्बमात तुम्हाला १९६१ च्या 'कम ऑन'नंतर एकदम १९६४ चं 'नादीन' लागतं ना, त्या मधल्या रिकाम्या जागेत तो तुरुंग आहे. सोळा वर्षांच्या पोरींवरची गाणी आज ऐकताना मला अवघडल्यासारखं होतं, मी ती काढून टाकत नाही, पण भाचीला अल्बम दिला तेव्हा हे सगळं सांगून दिला.

पायरी ९: जे अल्बमात नाही ते शोधा

अठ्ठावीसात दोन मोठी भोकं आहेत. 'यू नेव्हर कॅन टेल' नाही, ज्यावर 'पल्प फिक्शन'मध्ये तो प्रसिद्ध नाच आहे. आणि 'प्रॉमिस्ड लँड' नाही, हे का नाही ते मला कधीच समजलेलं नाही. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून निघालेला एक गरीब पोरगा बस, रेल्वे, विमान करत कॅलिफोर्नियाला पोचतो, गावांची नावं ओळीने येतात, बर्मिंगहॅमला बस बंद पडते. तुरुंगात असताना लिहिलं, रस्ते बघायला नकाशाचं पुस्तक मागितलं तर तिथल्या लोकांना वाटलं पळून जायचा विचार आहे की काय. ही दोन्ही १९६४ ची, प्लेलिस्टमध्ये 'नो पर्टिक्युलर प्लेस टू गो'च्या मागे घालून ठेवा आणि 'आय वॉन्ट टू बी युअर ड्रायव्हर' काढलं तरी मी कुणाला सांगणार नाही. १९७२ चं 'माय डिंग-अ-लिंग' मात्र शोधू नका. त्याचं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेलं एकमेव गाणं तेच चावट पोरकट गाणं, नशीब बघा.

पायरी १०: गिटार शिकत असाल तर

एका वेळी दोन तारा वाजवा, एक नाही. बेरीची बहुतेक सगळी करामत दोन तारा एकत्र दाबून, त्यातली एक थोडी ओढून वाजवण्यात आहे, आणि डाव्या हातापेक्षा उजव्या हाताची चिकाटी जास्त लागते. आधी पंधरा दिवस नुसता तो सरळ ठेका वाजवा, गाण्यासोबत, सुरुवातीची किंकाळी नंतर. आणि बी फ्लॅटमध्येच वाजवा, सोपं पडतं म्हणून ए मध्ये उतरवू नका, नाहीतर रेकॉर्डसोबत वाजवता येणार नाही.

भाच्याने अर्थातच किंकाळीपासून सुरुवात केली. तीन आठवडे झाले, गॅलरीत बसून तेच चार बार वाजवतो, परवा समोरच्या काकूंनी ताईला थांबवून विचारलं की हे एकच गाणं अजून किती दिवस चालणार आहे हो. ताई म्हणाली, ते बसलं की दुसरं घेणार आहे. मी काही बोललो नाही, दुसरं म्हणून त्याने 'बाय बाय जॉनी' काढलंय, म्हणजे त्याच जॉनीची पुढची गोष्ट.